दोनदा तसंच वाजवून दाखव

नवरात्रातल्या एका रविवारी माझी लेक आणि माझी धाकटी बहीण दोघी माझ्याकडे होत्या. संध्याकाळी सोसायटीत भोंडला होता आणि खिरापत आमच्या घरची, म्हणून दुपारपासून आम्ही तिघी स्वयंपाकघरात. बहीण गेली 35 वर्षं गाण्याचे वर्ग घेते. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आज स्वतःचे वर्ग चालवतात. लेक जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला एका खोलीत बसवून शिकवते. तिच्याकडे संगीताची एकही परीक्षा नाही. पण सध्या शाळेतल्या कशाबद्दल तिचा जीव सगळ्यात जास्त तुटत असेल, तर तो आठवड्यातल्या गाण्याच्या तासाबद्दल.

बोलणं सुरू झालं ते तिच्या मोबाइलवरून. "मावशी, माझ्या पोरांनी केलेलं पावसाचं गाणं ऐक," म्हणून तिने ध्वनिमुद्रण लावलं. सव्वा मिनिटाचं असेल. आधी तळहातावर तळहात घासल्याचा आवाज, मग चुटक्या, मग मांड्यांवर थापा, मधूनच ताटलीवर पळी, तेलाच्या रिकाम्या डब्यावर गडगडाट, आणि मग सगळं हळूहळू उतरत शांतता. त्या शांततेत लांबवर एक कोंबडा आरवला, तोही गाण्यातलाच वाटला.

बहिणीने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "आवाज छान आहेत. पण याला गाणं म्हणू नकोस."

"का नको? मुलांनीच नाव दिलंय."

"अगं, नाव दिल्याने गाणं होत नाही. यात सूर कुठे आहे? आठ-नऊ वर्षांचं मूल म्हणजे कान घडण्याचं वय. या वयात सा पक्का बसला तर आयुष्यभर पुरतो. ती वर्षं तू डबे बडवण्यात घालवते आहेस."

"मावशी, त्याआधी आम्ही काय करत होतो माहीत आहे? मी फळ्यावर कविता लिहायचे, मोबाइलवर तिची चाल लावायचे, मुलं मागून म्हणायची. चार वेळा म्हणून झालं की तास संपला. वर्षाच्या शेवटी मुलांना वीस कविता चालीवर येत होत्या आणि एकालाही स्वतःची एक ओळ गुणगुणता येत नव्हती. स्वतःची म्हटलं की खाली बघायची."

"वीस चाली येतात हे तुला थोडं वाटतं?"

"थोडं नाही गं. पण चित्रकलेच्या तासाला आपण मुलांना कोरा कागद देतो. मराठीच्या तासाला 'माझा आवडता प्राणी' लिहायला देतो, वेडंवाकडं का होईना, त्यांचं. मग गाण्याच्या तासालाच फक्त दुसऱ्याने केलेलं का?"

बहिणीने हातातला नारळ खाली ठेवला. "तुमच्या शाळेत परिपाठाला प्रार्थना होते ना? कोणत्या पट्टीत म्हणता?"

लेक गोंधळली. "पट्टी? सर सुरू करतात, मुलं मागे म्हणतात."

"सर म्हणजे पुरुषाचा गळा. त्यांचा सा काळी एक, फार तर पांढरी दोन. आठ वर्षांच्या मुलाला तिथले खालचे सूर सापडतच नाहीत. मग काय होतं, अर्धी मुलं सूर सोडून नुसते शब्द बोलतात आणि उरलेली वरच्या सप्तकात जाऊन ओरडतात. आणि तुम्ही मास्तर लोक ठरवून टाकता की याला गळा नाही. गळा आहे, तुम्ही त्याला त्याची पट्टी दिलेली नाही. मुलांना स्वातंत्र्य द्यायचं म्हणतेस ना, तर पहिलं हे दे. उद्यापासून प्रार्थना काळी चार नाहीतर काळी पाचमध्ये सुरू कर आणि बघ किती मुलं गायला लागतात."

लेकीने हे वहीत लिहून घेतलं. मला ते आवडलं. वाद घालताना समोरच्याचं एखादं वाक्य लिहून घेणारी माणसं फार थोडी भेटतात.

"आणि दुसरं," बहीण म्हणाली, "राष्ट्रगीताला 52 सेकंद ठरलेले आहेत. सगळ्या देशाने एका चालीत, एका लयीत म्हणायचं. तिथे कुणाची निर्मिती चालेल का? काही गोष्टी जशाच्या तशाच शिकाव्या लागतात. मूल भाषा तशीच शिकतं. आधी आई बोलते ते उचलतं, वाक्यं करायला मागाहून लागतं."

"मागाहून म्हणजे कधी, मावशी? आपली पोरं दीड-दोन वर्षांची असल्यापासून चुकीची वाक्यं करतात आणि आपण कौतुकाने ऐकतो. 'आई, मी आंबा खाल्ली' म्हणणाऱ्या पोराला आपण व्याकरणाची परीक्षा झाल्यावर बोल असं सांगत नाही."

यावर बहीण काही क्षण गप्प झाली. तिला पटलं होतं असं मी म्हणणार नाही, पण दाखला तिचाच होता आणि तो तिच्यावरच उलटला होता.

मग लेकीने, कुणी विचारलेलं नसताना, आपलंच अपयश सांगितलं. त्यातूनच पुढचं सगळं निघालं, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते.

पहिले तीन आठवडे तिने मुलांना पूर्ण मोकळीक दिली होती. घरून वाजणारं काहीही आणा आणि काहीही वाजवा. मुलांनी डबे आणले, थाळ्या आणल्या, खडे भरलेल्या बाटल्या, सायकलची घंटी, कुणी चिमटा, कुणी लाटणं. पाच मिनिटांत शेजारच्या वर्गातले सर दारात उभे. ते एक वेळ चाललं असतं. पण तिच्या लक्षात आलं की मोठे डबे दरवेळी त्याच चार मुलांच्या हातात जातात. मागच्या ओळीतल्या तीन मुली तीन आठवड्यांत एकदाही काही वाजवू शकल्या नव्हत्या. जी मुलं एरवीही वर्ग व्यापून टाकतात, त्यांनी गाण्याचा तासही व्यापला होता. "मुलांना स्वातंत्र्य दिलं असं मी समजत होते. दिलं होतं चौघांनाच," ती म्हणाली.

"मग?"

"मग मी नियम केला. चार-चार जणांचे गट. प्रत्येक गटाने तीनच आवाज निवडायचे. आठ मोजायचे, त्या आठात बसेल असं काहीतरी करायचं. गटातल्या प्रत्येकाचा आवाज त्यात यायलाच हवा. आणि शेवटची अट, जे कराल ते दोनदा तसंच वाजवून दाखवायचं."

बहिणीने मान वर केली. "दोनदा तसंच?"

"हो. या अटीने सगळं बदललं. पहिल्यांदा वाजवतात तेव्हा नुसता आवाज असतो. दुसऱ्यांदा तसंच वाजवायचं म्हटलं की भांडणं सुरू होतात. 'तू मघाशी चुटकी पाचला दिलीस, आता सहाला दिलीस.' मग मोजतात. मग एक जण म्हणतो, तू मोज, आम्ही वाजवतो. मग लक्षात राहत नाही म्हणून लिहितात. मी लिहायला सांगितलं नव्हतं. एका गटाने वहीत आठ चौकोन पाडले. चुटकीला टिंब, थापेला आडवी रेघ, आणि जिथे काहीच वाजवायचं नाही तो चौकोन रिकामा. रिकामा चौकोन बघून मला इतकं बरं वाटलं, मावशी. गप्प बसणं हाही गाण्याचा भाग आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं."

"आठ मात्रा," बहीण हळूच म्हणाली. "आवर्तन. दुसऱ्यांदा पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र आले की सम." मग जरा थांबून, "ती टिंबं आणि रेघा... अगं, भातखंड्यांनी तेच केलं. मंद्रातल्या सुराखाली टिंब, तारसप्तकातल्या सुरावर टिंब, कोमल सुराखाली आडवी रेघ. आणि त्याच काळात पलुस्करांनी वेगळ्या खुणांची वेगळी पद्धत केली. दोघांनाही गाणं कागदावर धरून ठेवायचं होतं."

"मग माझ्या चौथीने तिसरी पद्धत केली."

"केली," बहीण म्हणाली. मुद्रण ऐकल्यापासून पहिल्यांदाच तिचा सूर बदलला होता. "पण हे लक्षात घे, ही किमया तुझ्या मोकळिकीने झालेली नाही, अटीने झाली. तीन आवाज, आठ मात्रा, पुन्हा तसंच. आमच्या बंदिशीचंही तेच असतं. चौकट पक्की, आत गाणारा मोकळा."

"अट माझी, मावशी, पण आत भरलं ते त्यांनी. तुझ्या वर्गात आत काय भरायचं तेही तूच सांगतेस."

हा घाव बरोबर जागी बसला, आणि बोलणं परीक्षांवर आलं. इथे मात्र दोघींचं जमलं नाही, त्या दिवशीही नाही आणि अजूनही नाही. लेकीचं म्हणणं असं, की प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमाच्या दोन, विशारदच्या दोन, अशा सात परीक्षांत मुलीचं बालपण सरतं. रागाची माहिती, वादी-संवादी, आरोह-अवरोह, ठरलेली बंदिश, पाठ केलेल्या ताना. जे संगीत गाणाऱ्याने ऐन बैठकीत नवं घडवावं यासाठी जगभर ओळखलं जातं, तेच आपण लहान मुलांना घोकंपट्टीने शिकवतो. स्वतःचं सुचलेलं गायची परवानगी मिळेपर्यंत पोरगी कॉलेजात जाते.

बहिणीने लगेच उत्तर दिलं नाही. ती ओट्याशी पाठ करून उभी राहिली आणि बोलली ती माझ्याकडे बघून. "ताई, तू सांग हिला. आपल्या घरी मी गाणं कसं शिकले?"

मी सांगितलं. आमच्या वडिलांच्या लेखी गाणं-बजावणं घरंदाज मुलींचं नव्हतं. कुणा उस्तादाच्या घरी जाऊन बसायचं तर नावच काढायला नको. पण गंधर्व महाविद्यालयाची परीक्षा, छापील अभ्यासक्रम, शिक्का मारलेलं प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षण. आणि शिक्षणाला वडिलांची ना नव्हती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गंधर्व महाविद्यालय सुरू केलं तेव्हा त्यांनी गाणं घराण्याच्या आणि दरबाराच्या उंबऱ्याबाहेर आणून सामान्य घरांतल्या मुलामुलींसमोर ठेवलं. त्या परीक्षा नसत्या तर माझी बहीण गायलीच नसती. आज ती जे आहे ते त्या सात पायऱ्या चढून झालेली आहे.

"कळलं?" बहीण म्हणाली. "तुला ती घोकंपट्टी वाटते. माझ्यासाठी ती घराबाहेर पडायची वाट होती. आणि नक्कल नक्कल म्हणून हिणवू नकोस. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवायचे. नक्कल करता करताच त्यांचा कान घडला."

"पुढे आजारपणात गाणं बंद असताना देवासला पडल्यापडल्या त्यांनी काय ऐकलं, मावशी? माळव्यातल्या बायकांची गाणी. त्या बायकांनी कुठली परीक्षा दिली होती? त्या धुनांतून त्यांनी नवे राग काढले."

"काढले. पण धुनेत राग दडलाय हे ओळखायला आधी शे-दीडशे राग कानात मुरलेले असावे लागतात."

मला वाटतं, त्या दुपारचं सगळ्यात मोलाचं वाक्य हे होतं, आणि दोघींनाही ते तेव्हा उमगलं नव्हतं. ते उमगलं अर्ध्या तासाने.

लेकीने दुसरं मुद्रण काढलं. गावच्या भजनी मंडळाची पेटी आठवड्यातून एक दिवस शाळेला मिळते. मुलांनी पेटीवर हात टाकला की नुसता कल्ला व्हायचा. तेव्हा तिने कुठल्याशा कार्यशाळेत ऐकलेली एक युक्ती वापरली. कार्ल ओर्फ नावाचा जर्मन संगीतकार. म्युनिकमध्ये 1924 साली डोरोथे ग्युंथर यांच्याबरोबर त्याने संगीत आणि हालचालीचं शिक्षण देणारी शाळा काढली. 1948 पासून त्याचे मुलांसाठीचे संगीतपाठ बव्हेरियाच्या रेडिओवरून प्रसारित झाले, आणि गुनिल्ड केटमान या सहकारी बाईंच्या साथीने 1950 ते 1954 या काळात त्याने मुलांच्या संगीताचे पाच खंड छापले. त्याच्या लाकडी वाद्याच्या पट्ट्या सुट्या निघतात. सुरुवातीला मुलांसमोर वाद्य ठेवताना त्यातल्या दोन पट्ट्या काढूनच ठेवायच्या. उरलेल्या पाचांवर मूल कसंही वाजवो, कानाला खुपत नाही. मूल घाबरत नाही, वाजवत सुटतं.

"मला पेटीच्या पट्ट्या काढता येत नाहीत," लेक म्हणाली, "म्हणून पांढरी एकचा सा धरून पाच पट्ट्यांवर लाल टिकल्या लावल्या. टिकली असेल तिथेच बोट ठेवायचं."

"कोणत्या दोन सोडल्यास?"

"चौथी आणि सातवी."

"म आणि नी." बहीण हसली. "मग उरलं काय? सा रे ग प ध. वेडे, हा भूप आहे! सुरुवातीच्या मुलांना आम्ही पिढ्यान् पिढ्या भूपच देतो. तो जर्मन माणूस कुठे, आणि आमचे गुरुजी कुठे, दोघांनी लहान मुलासमोर तेच पाच सूर ठेवले."

लेकीने मुद्रण लावलं. चौथीतली एक मुलगी एका बोटाने वाजवत होती, अडखळत, मधे भाता मारायला विसरून. बहिणीने एकदा ऐकलं. "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा ऐकलं. मग तिने माझी जुनी पेटी पुढे ओढली आणि त्या पोरीची ओळ वाजवली, मग तीच जराशी वळवून.

"ही मुलगी कुठे थांबते आहे, ऐकलंस?"

"नाही गं. कुठे?"

"धैवतावर. चार वेळा आली, चारही वेळा ध धरून बसली. भूपात गंधाराला मान, तो वादी. याच पाच सुरांत धैवताला मान दिलास, त्याच्याभोवती फिरलीस, की तो भूप राहत नाही, देशकार होतो. भूप संध्याकाळचा, देशकार सकाळचा. सूर तेच, राग वेगळा. माझ्या वर्गातल्या मुलींना हा फरक मी पुस्तकातून शिकवते आणि त्या पाठ करतात. ही पोरगी टिकल्यांवरून त्या वाटेला आपणहून लागलीये, आणि तिच्या बाईंना ते ऐकूच आलं नाही."

लेक बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी त्या तासाला तिला 'छान' म्हटलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं."

"छान म्हणालीस यात वाईट काही नाही. पण छान म्हटलं की बोलणं संपतं. 'तू दरवेळी इथे येऊन का थांबतेस? दुसरीकडे थांबून बघ बरं, कसं वाटतं?' एवढं विचारायचं होतं. राग-बिग सांगायची काही गरज नाही. तिचं तिला कळेल की थांबायची जागा बदलली की गाण्याचा चेहरा बदलतो."

मी या दोघींच्या मधे बसले होते आणि मला माझं मत सापडत होतं. मुलांनी स्वतः करावं, स्वतः ठरवावं, मास्तरांनी बाजूला व्हावं, हे ऐकायला सोपं वाटतं, जणू शिक्षकाचं काम कमी झालं. ते वाढतं. पाठ करून घेणाऱ्या शिक्षकाला एक चाल आली तरी भागतं, कारण बरोबर काय ते त्याला आधीच ठाऊक असतं. मुलांच्या हाती गाणं देणाऱ्याला सत्तावीस मुलांच्या सत्तावीस अडखळत्या ओळींत काय दडलंय ते ऐकू यावं लागतं. माझ्या लेकीकडे मुलांना मोकळं करायची हिंमत आहे, पण कान अजून तयार नाही. बहिणीचा कान तयार आहे, पण ऐकायला तिच्यासमोर मुलांचं स्वतःचं काही येतच नाही. 35 वर्षांत तिच्या वर्गात एकाही मुलीने तिला न शिकवलेला देशकार ऐकवला नसेल, कारण तशी जागाच नव्हती. हे मी तिला तोंडावर म्हणाले. तिने नाकारलं नाही.

लेकीची अडचण मात्र एकट्या तिची नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा, 2010 पासून लागू. त्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पटसंख्या 100 च्या वर असेल तर. पहिली ते पाचवीच्या मुलांचा संगीतशिक्षक म्हणजे त्यांचे वर्गशिक्षक, जे गणितही शिकवतात, पोषण आहाराचा हिशोबही ठेवतात आणि वर्षाच्या शेवटी कलेच्या रकान्यात वर्णनात्मक नोंदीही करतात. "आम्ही सगळे एकच वाक्य लिहितो," लेक म्हणाली. "'गायनात आवडीने सहभाग घेतो.' पहिलीपासून तेच. या वर्षी मी ठरवलंय, प्रत्येकाने काय केलं ते लिहायचं. 'चार मोजून एक रिकामी मात्रा सोडली आणि गटाला सोडायला लावली.' असं."

"आणि त्या मुलीचं?"

"'धैवतावर थांबते' असं लिहीन. तू सांगितलंस म्हणून."

बहिणीने तिच्याकडून आणखी एक गोष्ट काढून घेतली. कॅनडाचे संगीतकार मरे शेफर यांची 1967 सालची एक छोटी पुस्तिका आहे, कान साफ करण्याचे धडे देणारी. त्यातला एक खेळ लेक वर्गात घेते. एक कागद पहिल्या मुलाच्या हातात द्यायचा आणि तो वर्गभर हातोहात फिरवायचा, जराही आवाज न करता. कागद कुरकुरला की पुन्हा पहिल्यापासून. सत्तावीस मुलं श्वास धरून बसतात. त्यानंतर डोळे मिटून बाहेरचे आवाज ऐकायचे आणि सांगायचे. पिठाच्या गिरणीचा पट्टा, विहिरीवरची मोटर, वळणावर गिअर बदलणारी एसटी, गोठ्यातली घुंगरं. "एकदा एक मुलगा म्हणाला, बाई, एसटी चढताना वरच्या सुरात जाते." बहीण म्हणाली, "माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलींना मी हा कागदाचा खेळ घेणार." तिने हे सहज म्हटलं, पण 35 वर्षांत ठरलेल्या पाठात तिने केलेला हा पहिला बदल आहे, हे मला माहीत आहे.

एव्हाना पाच वाजले होते. खिरापत डब्यात भरून, झाकण घट्ट लावून आम्ही खाली उतरलो. पाटावर हत्ती काढलेला होता. बायका आणि मुली फेर धरून उभ्या राहिल्या. आणि तिथे, फेरात फिरता फिरता, मला ते दिसलं जे दुपारभर आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं.

भोंडल्याला शिक्षक नसतो. आमच्या वाड्यात कुणीही आम्हाला ही गाणी 'शिकवली' नव्हती. मोठ्या मुली म्हणायच्या, लहान मुली शेवटचा शब्द पकडून मागे यायच्या, पुढच्या वर्षी अर्धी ओळ, त्याच्या पुढच्या वर्षी पूर्ण. गाण्यात जागा मोकळ्या असायच्या. कधी नणंदेचं नाव, कधी गावाचं, कधी दागिन्याचं. त्या जागी ज्याच्या घरी भोंडला असेल त्या घरचं नाव घालायचं आणि ते चालीत बसलं नाही तर ओढून-ताणून बसवायचं. ओढताना हसू यायचं, पण मात्रा चुकू द्यायची नाही, कारण पाय फेरात पडत असायचे. चौकट पक्की, आत जागा मोकळी, आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणणं. खान्देश-विदर्भातल्या मुलींची भुलाबाईची गाणी, कुठे हादगा, सगळीकडे हेच. माझी लेक दूरच्या पुस्तकांतून जे शोधत होती आणि माझी बहीण जे शिस्तीच्या नावाखाली राखत होती, ते दोन्ही आमच्या अंगणात एकाच फेरात होतं. मुलींनीच चालवलेली शाळा होती ती.

पण त्या संध्याकाळी फेरात मी आणखीही काही पाहिलं. गाणी स्पीकरवर लावलेली होती. मुली गोल फिरत होत्या आणि त्यांची तोंडं बंद होती. नावाच्या मोकळ्या जागांत मुद्रणातलीच कुणा अनोळखी बाईची नावं येत होती.

बहीण फेरातून बाहेर पडली आणि तिने स्पीकर बंद केला. "मी सुरू करते, तुम्ही मागे म्हणा," म्हणाली, आणि पोरींचे गळे बघून पट्टी चढवून घेतली. तीन गाणी झाली. चौथ्याला लेकीने फेर थांबवला आणि मुलींना म्हणाली, "आता तुमच्या सोसायटीचं एक कडवं करा. आठात बसलं पाहिजे आणि दोनदा तसंच म्हणता आलं पाहिजे." दहा मिनिटं कुजबुज, भांडण, बोटांवर मोजणी. मग सात-आठ मुलींनी लिफ्ट बंद पडल्याचं एक कडवं म्हणून दाखवलं. पहिल्यांदा गडबडलं. दुसऱ्यांदा बसलं.

ज्यांच्या घरी, चाळीत, सोसायटीत पुढच्या नवरात्रात भोंडला, हादगा किंवा भुलाबाई होईल, त्यांना माझी विनंती आहे. स्पीकर लावू नका. जुनी गाणी पट्टी चढवून, तोंडाने म्हणा, मुलींना मागे म्हणू द्या. शेवटचं एक गाणं त्यांचं त्यांना करू द्या, आणि ते झाल्यावर नुसतं छान म्हणून उठू नका. पुन्हा एकदा म्हणायला सांगा, आणि बसून ऐका.